दोन पायांची घोडी

यावल, ६ जानेवारी २०२५

इसाक,

बठ्ठं बरं शे ना? इतक्या वर्षांनी माझ्या अक्षरातला कागद बघून दचकू नको. कोणी गेलेलं नाही.

फोनच करणार होतो. पण आमच्या घरात फोनला कान फार. पोरगा दीपक माझा मोबाइल घेऊन बसतो आणि त्याची आई यशोदा दारात उभी राहून ऐकते. काम हौसेचं आहे, घरात हसतील, म्हणून लिहितोय.

मला निशाणबाजीचा नाद लागलाय. हसून घे. रानडुकरांसाठी परवान्याची बावीस बोअर रायफल माझ्याकडे आहे, ती तू पाहिलीस. जळगावला क्लबात दोनदा जाऊन आलो. मार्चात स्पर्धा आहे म्हणतात. पण साठी आली, हात हलतो. तिथे एकाच्या रायफलीला पुढे दोन पायांचा स्टँड होता, बायपॉड म्हणतात त्याला. नळी त्यावर टेकली की दगडासारखी बसते. ऑनलाइन पाहिले तर पन्नास प्रकार, कोणता घ्यावा कळेना. म्हटलं, आपला लेथवाला धुळ्यात बसलाय, त्यालाच विचारावं. तूच निवड आणि तूच करून दे.

केळीचं विचारू नको. डिसेंबरात घड धरलेली साडेसातशे झाडं एका पहाटे कोणीतरी कोयत्याने आडवी केली. ठाण्यात तक्रार दिली. 'अज्ञात इसम' असं लिहिलंय. विषय संपला.

पुना


धुळे, १२ जानेवारी २०२५

पुनाभाऊ,

पोस्टमनने तुझं पाकीट वर्कशॉपात आणून दिलं तेव्हा जमीला म्हणाली, "कोर्टाची नोटीस असणार, हात लावू नका." मी म्हटलं, अगं, हे अक्षर नरडाण्याच्या कारखान्यातल्या पुनाभाऊचं आहे. मी कारखान्यात लोखंडाचा कीस झाडायचो तेव्हा याच अक्षरात एका माणसाने मला व्हर्निअरचे आकडे कसे वाचायचे ते वहीच्या पाठीवर लिहून दिलं होतं. ती वही गेली, वर्कशॉप उभं राहिलं. तेव्हा तुला घोडी करून देणार नाही तर कोणाला?

मी तिला घोडीच म्हणतो. आमच्या धंद्यात ज्याच्यावर काही टेकवायचं ती घोडी. तुझी दोन पायांची.

आता नीट ऐक. पालथं पडून मारणार असशील तर उंची नऊ इंच पुरे. बसून मारायचं तर सव्वीस-सत्तावीस लागते, पण पाय जितका लांब तितका थरथरतो. ॲल्युमिनियमची हलकी होईल, लोखंडाची जड पण घट्ट बसणारी. पायाला टोक हवं की रबर? काँक्रीटवर रबर, मातीत टोक. आणि डोकं फिरतं हवं की जाम? डुकरासारखं पळतं जनावर असेल तर फिरतं लागतं, नाहीतर घोडी एकीकडे आणि डुक्कर दुसरीकडे. कागदावर मारायचं तर जाम चालेल. माप कळव, मी धातू कापायला घेतो.

केळीचं मात्र विचारणार. 'विषय संपला' असं लिहून ज्याचा विषय संपला, असा माणूस मला अजून भेटायचाय. कोणावर संशय? तो लोटन ना, वहिनींचा चुलतभाऊ, बांधाला बांध लागून असलेला?

वहिनींना सलाम. पत्राची सवय मात्र सोडू नको, पोस्टमन चहा प्यायला थांबू लागलाय.

इसाक


यावल, २० जानेवारी २०२५

इसाक,

उंची सत्तावीस इंच. उजवा पाय डाव्यापेक्षा चार इंच लांब. पायाला रबर. पाय उघडताना खटका वाजायला नको, स्प्रिंग नरम टाक. रंग काळा, पण चमकणारा नको, ऊन पडलं की चमक मारते. डोकं जाम.

क्लबात जमीन सपाट नाही म्हणून चार इंच.

लोटनचं काय विचारतोस? रोज समोरून जातो, राम राम करतो. मीही करतो. मी सासऱ्याच्या शेतावर येऊन राहिलो त्याला सव्वीस वर्षं झाली, पण तो मला अजून पाव्हणाच म्हणतो. ठीक आहे. पाव्हणा तर पाव्हणा.

लवकर कर.

पुना


धुळे, २७ जानेवारी २०२५

पुनाभाऊ,

धातू आणला. कापला नाही. आधी चार गोष्टी बोलू.

तुला माहीत आहे, बेअरिंग खराब झालं की मोटार खोलायच्या आधी मी आवाजावरून सांगतो. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मला आवाज येतोय.

माझी मंतशा कॉलेजात एनसीसीला आहे, बावीस बोअर चालवते. तिला सहज विचारलं. ती पोट धरून हसली. "अब्बा, स्पर्धेत घोडी चालतच नाही! हाताला पट्टा गुंडाळून मारायचं असतं. कोणी तुमची फिरकी घेतली." म्हटलं, बेटा, सरावासाठी असेल. तर म्हणते, सरावाला वाळूची पिशवी ठेवतात. आणि क्लबात काँक्रीटचा ओटा असतो, त्याला चार इंचांचा उतार कसा असेल?

पुनाभाऊ, तीस वर्षं माप वाचतोय मी. कोणी दार सांगितलं की मला भिंत दिसते, कोणी खुर्चीचा पाय सांगितला की खोली दिसते. तुझं माप वाचून मला एक जागा दिसते. तिथे माणूस मांडी घालून बसतो. घोडीचा डावा पाय उंचावर आहे, उजवा उतारावर. समोर काहीतरी कमरेएवढं उभं आहे, ज्याच्यावरून नळी जायला हवी. ठिबकचा पाइप? तुरीच्या काड्यांचं कुंपण?

आणि खटका वाजायला नको म्हणतोस. चमकायला नको म्हणतोस. कागदाच्या गोलाला कान नसतात रे. डोळेही नसतात.

डुकरं असतील तर तसं सांग, मी फिरतं डोकं करतो. लाजू नको, डुकरं मारायला तुझ्याकडे परवाना आहे. मग हे स्पर्धेचं लग्न कशाला लावलंस?

तोवर मी घोडीचे पाय कापत नाही. माझ्या कारागिरीचा रुसवा समज.

इसाक


यावल, ८ फेब्रुवारी २०२५

इसाक,

तुला घोडी करायला सांगितली होती, पंचनामा करायला नाही.

हो, क्लबात नाही, शेतात सराव करतो. बांधावर बसतो. मग? स्वतःच्या शेतात बसायला धुळ्याची परवानगी लागते का? फिरतं डोकं नको म्हटलं ते नको. निशाण रोज एकाच जागी येतं, सव्वासातला. त्यासाठी डोकं कशाला फिरवायचं?

तुला जागा दिसते ना, मग हेही बघ. परवा भाच्याच्या हळदीला मांडवात पंचवीस माणसं बसलेली. लोटन सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "पाव्हणे, यंदा केळीचा भाव चांगला शे म्हणतात. तुम्हाला काय त्याचं!" लोक हसले. यशोदाचे सख्खे मामा हसले. मी पण हसलो. पत्रावळीवरचा भात तसाच ठेवून कसा उठणार? जेवलो. पान पण खाल्लं.

त्याच्या डाव्या मनगटावर केळीच्या चिकाचे डाग मी त्या सकाळी पाहिले. केळीचा चीक आठ दिवस जात नाही. त्याच्या शेतात तेव्हा केळी नव्हती, हरभरा होता. ठाण्यात सांगितलं तर म्हणाले, डाग म्हणजे पुरावा नाही.

आठ दिवसांत घोडी पाठव. नाहीतर तुझ्यावाचूनही काम होतं.

पुना


धुळे, १४ फेब्रुवारी २०२५

पुनाभाऊ,

घोडी तयार आहे. तुझ्या मापाची, सत्तावीस इंच, चार इंचांच्या फरकाची, रबराची, बिनआवाजाची. माझ्या व्हाइसच्या जबड्यात पकडलेली आहे आणि तिथेच राहणार. ती न्यायला तू स्वतः यायचंस. माझ्यासमोर स्टुलावर बसायचं, जमीलाच्या हातचा चहा घ्यायचा आणि माझ्या डोळ्यांत बघून सांगायचं की सव्वासातला रोज कोण येतं. कागद येत नसतो, पुनाभाऊ. कागद आपण लावतो.

मी भाषण देणार नाही. तुझी साडेसातशे झाडं माझ्या पोटात पण तुटली. लोटनने केलं असेल, शंभर टक्के केलं असेल. वकील करू, मी येतो सोबत, रोज येतो. गावात पंचवीस माणसांत हसला ना, पन्नास माणसांत त्याला उभा करू. पण तू त्या बांधावर बसलास तर दीपकला पुढची वीस वर्षं जेलच्या फाटकावर डबा घेऊन उभं राहावं लागेल, आणि तो डबा माझ्या घोडीपायी गेलेला असेल. हे मला झेपणार नाही.

तू रागावशील म्हणून मी हे गमतीत लिहायचा प्रयत्न केला. चार कागद फाडले. गंमत जमली नाही.

लगेच उत्तर दे. एक ओळ दे.

इसाक


धुळे, २४ फेब्रुवारी २०२५

श्री. लोटनभाऊ यांस,

आपली ओळख नाही. मी धुळ्याचा एक कारागीर. तुमच्या भागात माझं येणंजाणं आहे, कामानिमित्त चार गोष्टी कानावर येतात.

पुढचे काही दिवस सकाळी सातच्या सुमारास ठिबकच्या पाण्याचा वॉल उघडायला एकट्याने बांधाकडे जाऊ नका. माणूस पाठवा किंवा वेळ बदला. का ते विचारू नका आणि हा कागद कोणाला दाखवू नका. कोणाचं नाव मी लिहीत नाही, कारण त्या माणसाचं भलं व्हावं असंही मला वाटतं, तुमच्याइतकंच.

एवढंच मनावर घ्या, आणि जिथे काही चुकलं असेल तिथे दोन शब्द नरमाईने बोला. बांध तोच राहणार आहे, तुम्हा दोघांनाही रोज तिथेच जायचं आहे.

आपला हितचिंतक


यावल, २५ फेब्रुवारी २०२५

इसाक,

तुझं चौदा तारखेचं पत्र खिशात घेऊन फिरलो. उत्तर दिलं नाही, कारण खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहिता येत नव्हतं. यशोदा सांगत होती तुझा फोन आला होता. तिने तुला सांगितलं म्हणे, की हे रोज सहाला जातात आणि चहाही शेतातच मागवतात, आणि लोटन सातनंतर वॉल उघडायला बांधाकडे येतो तेही. तेवढ्यावरून तू ओळखलंच असशील.

बसलो होतो. घोडीवाचून. खताच्या गोणीत वाळू भरून तिच्यावर नळी टेकली. नऊ दिवस बसलो. लोटन रोज सव्वासातला यायचा, वॉलजवळ वाकायचा. पहिल्या दिवसापासून तो रायफलीवरच्या दुर्बिणीच्या काचेत इतका जवळ दिसायचा की बंडीची तुटलेली गुंडी दिसे. प्रत्येक दिवशी म्हणायचो, उद्या.

परवा तो वाकला, वॉल फिरवला आणि उठायला गेला तर उठता येईना. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबले, अर्धा उठला, परत बसला. मग आजूबाजूला पाहिलं, कोणी बघत नाही ना म्हणून. मग मातीत हात टेकून लहान पोरासारखा उठला. इसाक, मी रोज अगदी तसाच उठतो. तसंच आजूबाजूला बघतो. मला हसू आलं. गोणीवर डोकं ठेवून हसत बसलो, आणि मग हसू थांबलं तरी डोकं उचलवेना.

काल दीपकला सोबत घेतलं आणि रायफल ठाण्यात जमा करून आलो. पावती यशोदाकडे दिली. तिने ती डब्यात ठेवली आणि भाकरी वाढली.

एक सांगायचं राहिलं. कापलेल्या बुंध्यांशेजारी पील फुटलंय, हातभर उंच झालंय. ही पीलबाग धरतो मी. कालपासून सकाळी सहाला जातो, बांधाला पाठ करून खाली बसतो आणि एकेका पिलाला माती लावतो. लोटन मागून जातो. राम राम करतो. मी मान वळवत नाही, पण आता छातीत काही होत नाही.

तू घोडी मोडून टाक. आणि कोणाला काही बोलला नसशील, तर बोलू नको. माझी आणि तुझी गोष्ट आपल्यातच राहू दे.

पुना


यावल, ४ मार्च २०२५

इसाकभाई यांस, लोटनचा राम राम.

नाव लिहिलं नाही तरी चालतं. पुनाला ओळखणारा कारागीर धुळ्यात एकच शे, आणि तो आमच्या भागात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायला येतो हे बठ्ठ्यांना माहीत शे. तुमचे उपकार झाले. खरं सांगतो, मला कल्पना नव्हती.

पत्र मिळालं त्याच दिवशी पुना गावात गेला असताना मी त्याच्या बाजूला जाऊन आलो. तुरीच्या काड्यांमागे वाळूची गोणी सापडली. गोणीवर नळीचा खोलगट वळ. शेजारी कोपराचे दोन खड्डे, चांगले वापरातले. त्या जागी बसून पाहिलं. माझा वॉल असा दिसतो, जसा आरशात चेहरा.

केळी मी कापली की नाही हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण कितीतरी दिवस एक माणूस आपल्या कपाळावर बोट ठेवून बसलेला होता, हे कळल्यावर झोप लागत नाही. तुम्हाला लागली असती का? घरात बोललो नाही. तुम्ही म्हणालात कागद दाखवू नका, दाखवला नाही. नरमाईने बोला म्हणालात. आता बोलण्यासारखं काय उरलं?

पुनाची आणि माझी रायफल एकाच साली घेतलेली, डुकरांच्या त्रासापायी, परवाने एकाच साहेबाच्या सहीचे. त्याने त्याची ठाण्यात जमा केली असं ऐकतो. बरं झालं. मग घाई नाही.

तर काम असं. मलाही एक घोडी करून द्या. माझा बांध त्याच्यापेक्षा उंच शे, बारा-तेरा इंचांची पुरे होईल. पुना हल्ली सकाळी सहापासून बसलेलाच असतो, पाठमोरा. तुम्ही त्याला ओळखता, तो एकदा कामाला बसला की तास तास हलत नाही.

तुमचा,
लोटन


धुळे, शुक्रवार, ७ मार्च २०२५, सकाळ

पुनाभाऊ,

हे पत्र मंतशाकडून फोटो काढून दीपकच्या मोबाइलवर पाठवतोय. दीपक, बाबांना मोठ्याने वाचून दाखव आणि ते पूर्ण ऐकेपर्यंत दाराला आडवा उभा राहा. आत्ता फोनवर तुला जे सांगितलं तेच आहे हे, पण फोनवर तुझे बाबा अर्धं ऐकून चप्पल घालतात.

पुनाभाऊ, मी लोटनला सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, पण गावात नाव घ्यावं लागतं का? तुझं पंचवीस तारखेचं पत्र मला एक तारखेला मिळालं. माझं त्याला गेलेलं पत्र चोवीसचं. तू रायफल ठाण्यात ठेवून घरी भाकरी खात होतास, तेव्हा मी तिकिटावर थुंकी लावत होतो. दहा दिवस तू गप्प होतास आणि त्या गप्प बसण्याचा मी अर्थ लावला. मशीनचा आवाज बंद झाला म्हणजे ती जळाली असंच मला वाटतं, कोणी बटण बंद केलं असेल हे सुचलंच नाही. माझ्या कानांची गावभर तारीफ होते, पुनाभाऊ. त्या कानांनी आज तुला उघड्यावर बसवलंय.

तुझं पत्र मिळाल्यावर मी खूश झालो. जमीलाला वाचून दाखवलं. लोटनला लिहिलंय हे तुला कळवायची लाज वाटली, म्हटलं, आता सगळं निवळलंय, कशाला? तेही चुकलं. एक तारखेलाच कळवायला हवं होतं.

काल लोटनचं उत्तर आलं. त्याने मला घोडीची ऑर्डर दिली आहे. उंची दिली आहे. तू कुठे बसतोस, कोणाकडे पाठ करून बसतोस, किती वेळ हलत नाहीस, ते सगळं त्याने लिहिलंय, साध्या शाईने, सहीसकट. राग असता तर मी एवढा घाबरलो नसतो. पत्र वाचताना कुठे आवाज येत नाही.

बागेत जायचं नाही. पील दोन दिवस मातीवाचून मरत नाही. आणि तुझी रायफल परत आणायला ठाण्याकडे पाऊल टाकायचं नाही. ते टाकलंस तर मग मी, तू आणि लोटन, तिघांनीही आपापली पत्रं जाळून टाकावीत, कारण मग त्यांचा उपयोग फक्त कोर्टाला.

मी त्याला उत्तर लिहिलेलं नाही. नकार दिला तर तो वाळूची गोणी भरेल. वाळू काय, तापीच्या काठाला कमी नाही. घोडी करतो म्हणून थोपवावं, तर तुझ्या बाबतीत थोपवून काय झालं ते आपण पाहिलं. माझ्याकडे आता पाठवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून मीच येतो.

साडेनऊच्या गाडीने जळगाव, जुम्म्याची नमाज तिथे, तिथून यावल. आधी ठाण्यात जाऊन त्याचं पत्र साहेबांसमोर ठेवीन, आणि माझी चूक माझ्याच तोंडाने सांगेन. तुझी गोष्टही सांगावी लागेल, पुनाभाऊ. आपल्यातच ठेव म्हणाला होतास. ते माझ्याने होणार नाही.

ठाण्याचा माणूस आला तर बरं. तो आज येईल, उद्या येईल, रोज सकाळी सहाला येणार नाही. म्हणून वहिनींना सांग, माझी गोधडी ओट्यावर टाका, मुक्काम लांबेल. रोजे चालू आहेत, तेव्हा सकाळी चहापाण्याचीही खटपट नको. तुमचा दोघांचा बांध मी पाहिलेला आहे, अडीच फूट रुंद आहे. रोज सहाला तुम्हा दोघांच्या मधे मांडी घालून बसलो तर मी मावतो.

इसाक